लॅमिनेटेड की सॉलिड? नाशिकच्या हवेत क्यूचा शाफ्ट निवडताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये जवळजवळ रोज पूल खेळता आणि रविवारी देवळालीला मित्राबरोबर स्नूकर. तुमची सॉलिड, म्हणजे अखंड मेपल लाकडाची, क्यू (खेळायची काठी) गेल्या पावसाळ्यात वाकली. आता वीस हजारांपर्यंत नवी घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो लॅमिनेटेड (तुकडे चिकटवून केलेला) शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, घ्या, वाकतही नाही आणि डिफ्लेक्शनही (बॉलला मध्य सोडून मारल्यावर त्याचं नेमापासून ढळणं) देत नाही. पार्लरमधले जुने खेळाडू म्हणतात, चिकटवलेली काठी हातात धरूच नका. शिवाय दोन्ही खेळांना एकच क्यू चालेल का, हेही विचारलंय.

निकाल आधी सांगतो. तुमच्या बजेटमध्ये पूलसाठी चांगली सॉलिड मेपलची क्यू घ्या, पण जॉइंट (शाफ्ट आणि बट जोडणारा आट्यांचा सांधा) असा निवडा की पुढे त्याच बटवर, म्हणजे मागच्या जाड भागावर, लॅमिनेटेड शाफ्ट चढवता येईल. स्नूकरसाठी सॉलिड अ‍ॅश लाकडाची. एकच क्यू दोन्हीकडे वापरू नका.

आता कारणं. दुकानदार दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात विकतोय. शाफ्ट वाकणं हा पाण्याचा विषय आहे आणि डिफ्लेक्शन हा टोकाच्या वजनाचा. लॅमिनेशन पहिल्यावर थेट काम करतं, दुसऱ्यावर आडून करतं, आणि स्वस्त मालात तर दुसऱ्यावर काहीच करत नाही. हे एकदा नीट कळलं की दुकानात कोणी काहीही सांगो, काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असेल. (मी सातपूरला टर्नरची नोकरी केली; आता लेथ घरच्या शेडमध्ये आहे आणि त्यावर बहुतेक क्यूच चढतात. तेव्हा माझं बोलणं खेळाडूपेक्षा कारागिराच्या अंगाने जाईल, ते सांभाळून घ्या.)

पाण्यापासून सुरू करू. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकच्या हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऐंशी-नव्वदच्या घरात राहते. ३० टक्के आर्द्रतेत लाकूड बरेच दिवस राहिलं तर त्याच्या कोरड्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास पाणी त्यात उरतं. ८५ टक्क्यांत तेच १७-१८ टक्क्यांवर जातं. शाफ्टवर सील (लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ थर) असेल, क्यू केसमध्ये असेल, तर हा प्रवास सावकाश होतो, पण होतोच. त्यात आपल्याकडचे खेळाडू एसी लावलेल्या हॉलमधून निघून, क्यू पाठीला अडकवून, भर पावसात बाइकवरून घरी जातात. मुंबईला स्पर्धेसाठी निघालात तर सकाळी नाशिकरोडला गाडीत बसून कसारा घाट उतरेपर्यंत हवाच बदललेली असते.

पाणी शिरताना लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही, खरी अडचण ती आहे. लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं वाढतं आणि वाढीच्या कड्यांच्या कडेकडेने त्याच्या दीडपट-दुप्पट. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत हार्ड मेपल एका दिशेत ४.८ टक्के आकसतं आणि दुसऱ्या दिशेत ९.९ टक्के. व्हाइट अ‍ॅशचे आकडे ४.९ आणि ७.८. म्हणजे १३ मिलिमीटरचा मेपल शाफ्ट मे महिन्यात व्हर्निअरने मोजलात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजलात, तर सील गेलेल्या शाफ्टमध्ये दोन बाजूंच्या मापात पाव मिलिमीटरपर्यंत फरक सापडू शकतो. गोल शाफ्ट किंचित लंबगोल झालेला असतो. व्हर्निअर नसेल तर नख पुरतं. फेरूल (शाफ्टच्या टोकावरची, कातडी टिपच्या मागची कडक टोपी) आणि लाकूड जिथे मिळतात तिथून नख हलकेच फिरवा. पावसाळ्यात लाकडाची कड नखाला लागते, कारण लाकूड फुगलं आणि फेरूल होतं तेवढंच राहिलं. उन्हाळ्यात उलटं, फेरूलची कड वर येते. असा शाफ्ट घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि सांगतात की फेरूल सैल झालंय. बहुतेक वेळा ते घट्टच असतं.

नुसतं फुगण्याने शाफ्ट वाकत नाही. वाकतो तो रेषा तिरक्या असल्या की. लाकडाच्या रेषा टोकापासून जॉइंटपर्यंत सरळ धावत असतील तर दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. पण रेषा मध्येच बाजूला निघून शाफ्टच्या पृष्ठभागावर संपत असतील, किंवा एका बाजूला गाठीजवळचं लाकूड आलं असेल, तर ती बाजू लांबीतही थोडी वाढते आणि शाफ्टला बाक येतो. मग त्याला भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं की उरलेलं काम वजन करतं. पार्लरच्या क्यू पाहा. ज्या उभ्या रॅकमध्ये सरळ अडकवलेल्या असतात त्या वर्षानुवर्षं बऱ्या राहतात, आणि ज्या मार्करच्या (गुण मोजणाऱ्याच्या) खुर्चीमागे कोपऱ्यात टेकवलेल्या असतात त्यांचं धनुष्य झालेलं असतं. लाकूड दोन्हींचं एकाच खेपेचं.

लॅमिनेशन इथे खरंच कामाला येतं. १९९०च्या दशकात अमेरिकेत प्रिडेटर कंपनीने मेपलचे दहा लांब त्रिकोणी तुकडे मोसंबीच्या फोडींसारखे गोल जुळवून त्यांचा शाफ्ट केला. ३१४ हे नाव त्याच शाफ्टचं. प्रत्येक फोडीच्या रेषेचा कल वेगळा, त्यामुळे एकीला डावीकडे वाकायचं असेल तर समोरची तिला धरून ठेवते. फुगण्याचंही तसंच. सगळ्या दिशांनी तेच मिश्रण असल्याने शाफ्ट गोलच राहतो, आणि कसाही फिरवून धरला तरी कडकपणा सारखा लागतो. दुसरी पद्धत म्हणजे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून त्यातून शाफ्ट काढायचा. ही सोपी आणि स्वस्त. त्यातही बाक कमी येतो, पण पट्ट्यांच्या दिशेत आणि त्यांच्या आडव्या दिशेत कडकपणा अगदी सारखा नसतो.

दुकानात कोणता आहे हे ओळखायला बॉक्सवरचं छापील वाचत बसू नका. क्यू उघडा आणि शाफ्टचं जॉइंटकडचं तोंड खिडकीच्या उजेडात धरा. मध्ये धातूची किंवा फायबरची चकती बसवलेली असते, पण तिच्या कडेने लाकडाचं कडं दिसतं. त्यात केंद्राकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर फोडींचा. एकमेकींना समांतर रेघा दिसल्या तर पट्ट्यांचा. रेघाच नसतील आणि फक्त झाडाच्या वाढीच्या कमानी असतील तर सॉलिड, मग कोणी काहीही म्हणो. नंतर शाफ्ट आडवा धरून अंगावरच्या रेघा पाहा. फोडींच्या शाफ्टमध्ये त्या टोकाकडे जाताना जवळजवळ येतात. पट्ट्यांच्या शाफ्टमध्ये बाहेरच्या पट्ट्या निमुळत्या होत मध्येच संपतात आणि लांबलचक टोकदार खुणा सोडतात. या संपणाऱ्या जागांवर बोट फिरवून बघा. चांगल्या मालात काही लागत नाही. हलक्या मालात गोंदाची रेघ केसाएवढी वर आलेली लागते, आणि एका पावसाळ्यानंतर ती तुमच्या अंगठ्याच्या बेचक्यात प्रत्येक शॉटला लागत राहते. मग लोक तिला पॉलिश पेपर मारतात, शाफ्ट बारीक होतो, पुढच्या वर्षी रेघ पुन्हा वर.

आता डिफ्लेक्शन. व्हाइटला, म्हणजे पांढऱ्या बॉलला, उजवी साइड दिलीत (मध्याच्या उजवीकडे मारलंत) तर ती क्यूच्या रेषेत जात नाही, किंचित डावीकडे निघते. कारण सरळ आहे. मध्य सोडून मारल्यावर बॉल फिरू लागतो आणि फिरताना टिपला बाजूला ढकलतो. टिप जेवढी सहज बाजूला सरकेल तेवढा बॉल कमी ढळेल. सरकायला जड असेल तर उलट बॉलच ढकलला जातो. टिप आणि बॉलचा संपर्क सेकंदाच्या एक हजारावा भाग, फार तर थोडा जास्त, एवढाच टिकतो. तेवढ्या वेळात बाजूच्या धक्क्याची लहर शाफ्टमध्ये काही इंचच मागे पोचते. म्हणून पुढच्या सहा-आठ इंचांचं वजन मोजलं जातं आणि बाकीच्या क्यूला या बाबतीत काही किंमत नाही. रॉन शेपर्ड नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००१ मध्ये याचं गणित सविस्तर मांडलं. बट कितीही महाग असो, नक्षी कितीही असो, हस्तिदंताचं नाव घेऊन कोणी प्लॅस्टिक विको, बॉल किती ढळणार हे त्या पुढच्या वीतभर भागावर ठरतं.

मग लॅमिनेटेड शाफ्टने बॉल कमी ढळतो असं का म्हणतात? कारण नामांकित लॅमिनेटेड शाफ्ट टोकाकडून काही इंच आतून पोकळ केलेले असतात आणि त्यांचं फेरूल हलकं, आखूड असतं. वजन तिथे कमी झालं. सॉलिड मेपलला तसं भोक पाडलं तर उरलेली भिंत पातळ होते आणि जिथे रेषा तिरकी असेल तिथे ती तडकते. फोडींच्या शाफ्टमध्ये भिंत सगळीकडे सारखी मजबूत असते, म्हणून तिथे पोकळी परवडते. म्हणजे ढळणं कमी होतं पोकळीमुळे. लॅमिनेशनचं काम एवढंच की ती पोकळी टिकू शकते. ज्या शाफ्टमध्ये पोकळी नाही आणि फेरूल जुन्या पद्धतीचं लांब व जाड आहे, तो लॅमिनेटेड असूनही सॉलिड शाफ्टएवढाच ढळतो. तुमच्या बजेटमध्ये संपूर्ण क्यूबरोबर जे लॅमिनेटेड शाफ्ट मिळतात त्यांतले पुष्कळसे या वर्गातले. नामांकित परदेशी पोकळ शाफ्ट एकटाच वीस हजारांच्या पुढे जातो, बट वेगळा.

दुकानदार ऐकत नसेल तर टेबलावर दाखवा. नऊ फुटी पूल टेबलवर एक पट्टेवाला बॉल हेड स्पॉटवर (तुमच्या बाजूने टेबलाच्या पाव लांबीवरची मधली खूण) ठेवा, पट्टा उभा आणि तुमच्याकडे तोंड करून. समोरच्या कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) मधोमध जी खूण असते तिच्यावर नेम धरा. क्यू न फिरवता, तशीच समांतर बाजूला सरकवून पट्ट्याच्या उजव्या कडेवर टिप आणा. क्यू शक्य तितकी आडवी ठेवा आणि जोरात मारा. हळू मारलं तर बॉल वळून परत येतो आणि काहीच कळत नाही. समोर मित्राला उभं करून बॉल कुशनला नेमका कुठे लागला ते बघायला सांगा. बॉलवर चॉकचा ठिपका राहतो, त्यावरून तुम्ही खरंच कडेवर मारलं की नाही हे तपासता येतं. ठिपका सरकलेला असेल तर तो शॉट मोजू नका. हेड स्पॉटपासून समोरच्या कुशनपर्यंत १.९ मीटर अंतर असतं. तिथे एक अंशाचा फरक म्हणजे ३३ मिलिमीटर, बॉलच्या निम्म्याहून जास्त. एवढा फरक डोळ्याला स्पष्ट दिसतो. दोन क्यूंवर चार-चार शॉट मारा, तेवढ्यात समजेल. ज्या दुकानात टेबल नाही तिथून पहिली क्यू घेऊ नये असं माझं मत आहे, भले थोडी स्वस्त मिळत असेल.

एक लक्षात ठेवा. तुम्ही सॉलिड मेपलवर साइड मारताना नकळत नेम थोडा बदलून धरत असणार. ती सवय हातात बसलेली असते. कमी ढळणारा शाफ्ट घेतलात की तीच सवय आड येते आणि सुरुवातीचे काही आठवडे बॉल पॉकेटच्या दुसऱ्या बाजूला लागतात. बरेच जण याच काळात शाफ्टला शिव्या देऊन तो विकून टाकतात. नियमित खेळणार असाल तर थांबा, हात वळतो. महिन्यातून दोनदाच खेळणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

पोकळ शाफ्टने ब्रेक (खेळ सुरू करणारा जोराचा पहिला शॉट) मारू नका, एवढंही सांगून ठेवतो. माझ्याकडे तडकलेली फेरूलं येतात ती बहुतेक ब्रेकमुळेच. ब्रेकला पार्लरचीच क्यू घ्या.

स्नूकरचं गणित वेगळं आहे. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५ चा आणि वजनाने हलका. पूलची टिप साधारण १२.५ ते १३ मिलिमीटर, स्नूकरची साडेनऊच्या आसपास. साडेनऊच्या काठीच्या तोंडाचं क्षेत्रफळ १३च्या जवळजवळ निम्मं. पितळेच्या फेरूलचं वजन जमेस धरूनही स्नूकर क्यूचं टोक मुळात हलकंच असतं. म्हणून पूलमध्ये पोकळ शाफ्टने जो फायदा होतो त्यातला बराचसा अ‍ॅशच्या साध्या क्यूमध्ये आधीच मिळालेला असतो. शिवाय स्नूकरमध्ये लांब शॉट मध्यावरचे जास्त आणि टोकाची साइड कमी. तिथे खेळाडूला हवं असतं ते टेबलाच्या लांबीवर वेग मोजता येणं, आणि ते हाताला लाकडातून कळतं. जुने खेळाडू अ‍ॅशचा आग्रह धरतात तो याच जागी खरा आहे. मात्र गोंद नको म्हणणाऱ्यांनी आपल्याच क्यूचा बट एकदा निरखून बघावा. अ‍ॅशवर आबनूसाचे चार उभे तुकडे चिकटवूनच ती टोकदार नक्षी झालेली असते. तो जोड हाताने नीट केला असेल तर माणूस म्हातारा होतो, जोड सुटत नाही.

अ‍ॅश निवडताना एक गैरसमज मात्र सोडा. ‘रेषा जेवढ्या दाट तेवढं लाकूड चांगलं’ हे पार्लरमध्ये सगळे म्हणतात. मेपलमध्ये लाकडाची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असतात, तिथे दाट रेषांनी नुकसान काही नाही. अ‍ॅशचं तसं नाही. अ‍ॅशमध्ये दर वर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा एक पट्टा येतो आणि नंतर घट्ट लाकूड. झाड फार हळू वाढलं असेल तर छिद्रांचे पट्टे जवळजवळ येतात, मधलं घट्ट लाकूड कमी पडतं आणि काठी हलकी व ठिसूळ होते. तेव्हा अ‍ॅशमध्ये मध्यम अंतराच्या, टोकापर्यंत न तुटता जाणाऱ्या रेषा बघा. वरच्या बाजूला बाणासारख्या खुणा असतात, त्या एका ओळीत असाव्यात आणि फेरूलच्या अलीकडे एखादी तरी स्पष्ट दिसावी. खेळताना तीच खूण वर ठेवून क्यू धरली की क्यू दर वेळी एकाच बाजूने वाकते, आणि थोडा बाक असला तरी नेम सारखा राहतो. पूलवाले क्यू हातात गरगर फिरवतात. त्यांना चारी बाजूंनी सारखा शाफ्ट लागतो, म्हणून फोडींचा शाफ्ट त्यांच्या सवयीला जुळतो.

इथले काही जण विचारतात की आपल्या सागाची क्यू का नको. साग पाण्याने फार हलत नाही हे खरं, पण त्याच्यात ती चिवट उसळी नाही, शिवाय तेलकट असल्याने फेरूल आणि जोड गोंदाने नीट धरत नाहीत. बटला शिसम चालतं, शाफ्टला आपलं लाकूड मला तरी सापडलेलं नाही.

लॅमिनेटेडचा शत्रू पाऊस कमी आणि ऊन जास्त. मे महिन्यात गाडी उन्हात लावली तर आतलं तापमान ६०च्या वर सहज जातं. त्या तापमानाला साधा सुतारी गोंद मऊ पडू लागतो, अराल्डाइटच्या जातीचे काही गोंदही ढिले होतात, आणि पट्ट्या एकमेकींवरून किंचित घसरतात. एकदा अशी घसरलेली रेघ पूर्वीसारखी बसवता येत नाही. सॉलिड शाफ्ट त्याच डिकीत तापला तर सुकेल, थोडा वाकेल, पण त्याचे तुकडे तरी होणार नाहीत. सातपूर-अंबडला कामाला जाणारे बरेच जण संध्याकाळच्या खेळासाठी क्यू दिवसभर डिकीत ठेवतात. त्यांनी लॅमिनेटेड घेऊ नये, किंवा घेतली तर केस आत ऑफिसात न्यावी.

कार्बन फायबरच्या शाफ्टचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारालच. हवेचा परिणाम त्यावर जवळजवळ नाही, बॉल कमी ढळतो, ओल्या फडक्याने पुसता येतो. चांगल्या कंपनीचा तुमच्या बजेटबाहेर, आणि आवाज काहींच्या कानाला बसत नाही. चोवीस तास पूलच डोक्यात असेल तर पुढेमागे तिकडे जालच.

दोन्ही खेळांना एक क्यू का नको, तर तेरा मिलिमीटरच्या टिपने स्नूकरच्या लहान बॉलवर नेमकी जागा साधत नाही, आणि साडेनऊच्या पितळी टोकाने जड पूल बॉल रोज मारले तर टिप लवकर पसरते, फेरूल सैल होतं. मधलं काहीतरी साडेदहा-अकराचं घेऊन दोन्ही खेळणारे असतात. त्यातला एकही खेळ त्यांचा पक्का बसलेला मी पाहिलेला नाही. सुरुवातीला स्नूकरला क्लबची क्यू चालवा. रोज वापरता ती पूलची आधी घ्या.

घेताना जॉइंटचे आटे विचारा, आणि विक्रेत्याला माहीत नसेल तर स्वतः मोजा. सर्रास चालणारे (पिनची जाडी आणि दर इंचातले आटे) म्हणजे ५/१६ इंच १८ आटे, ५/१६ इंच १४ आटे आणि ३/८ इंच १० आटे. यांपैकी एक असेल तर पुढे बहुतेक चांगल्या कंपन्यांचा शाफ्ट त्या बटवर बसवता येतो. एखाद्या कंपनीचा स्वतःचाच वेगळा झटपट जॉइंट असेल तर त्यांच्याच शाफ्टवर अडकून राहाल. खरेदी जमल्यास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. दुकानात दोन महिने ओल खाऊनही सरळ राहिलेला सॉलिड शाफ्ट पुढेही बहुधा सरळ राहतो. मेमध्ये सगळेच सरळ दिसतात.

निगा. अ‍ॅशला वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, जवसाचं कच्चं तेल फडक्याने अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने कोरडं पुसा आणि दोन दिवस हात लावू नका. रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल नको, त्यात सुकवणारी द्रव्यं असतात. घाण्याचं खाण्याचं तेल उत्तम. तेलाचा बोळा कचऱ्यात चुरगळून टाकू नका, जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं आणि बोळा पेटू शकतो. पाण्यात भिजवून मग टाका. मेपलला तेल लावायचं नाही, कातड्याच्या तुकड्याने घासून चकाकी आणायची. लॅमिनेटेडला ओलं फडकं लावायचं नाही. केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवा.

शेवटी तुमची वाकलेली क्यू. ती वाकलीच आहे हे आधी खात्री करा. शाफ्ट बटपासून वेगळा करून जाड काचेवर सावकाश फिरवा आणि खालून येणारा उजेड बघा. फट एकाच जागी उघडझाप होत असेल तर बाक आहे. फट फिरतानाही सारखीच राहत असेल तर तो शाफ्टचा निमुळतेपणा आहे, बाक नाही. मग बटही तसाच फिरवा. दोन्ही वेगवेगळे सरळ फिरले आणि जोडल्यावर डुलले, तर दोष जॉइंटच्या तोंडाचा आहे. ते लेथवर सपाट करून मिळतं आणि खर्च फारसा नाही. खरंच बाक असेल आणि तो मधल्या भागात अर्ध्या सुताच्या (सुमारे दीड मिलिमीटरच्या) आत असेल, तर पावसाळा सरेपर्यंत शाफ्ट टोक खाली करून दोरीने मोकळा टांगून ठेवा, भिंतीपासून दूर. दिवाळीपर्यंत पुष्कळदा निम्मा बाक उतरतो. गॅसवर शेकणं, ओलं फडकं गुंडाळणं, वजन बांधून दाबणं हे व्हिडिओत सोपं दिसतं. सील जातं आणि पुढच्या जूनमध्ये शाफ्ट पहिल्यापेक्षा जास्त वाकतो. बाक टोकाकडच्या वीतभर भागात असेल तर मात्र खटपट करू नका, तो शाफ्ट ब्रेकसाठी ठेवा.

बटचे आटे किती आहेत ते मोजून कळवा. वरच्या तिन्हींपैकी एखादे निघाले आणि बट सरळ असला, तर तुम्हाला नवी क्यू लागणारच नाही, फक्त शाफ्ट घ्यावा लागेल. मग त्या वीस हजारांत थोडी भर घालून खराखुरा पोकळ लॅमिनेटेड शाफ्ट येऊ शकतो, आणि वरचा माझा निकालही तुमच्यापुरता बदलेल.